दुसऱ्याच्या हातचा अडथळा

आमच्या सरांचा एक नियम होता: ज्यानं प्रयोग मांडला, त्यानं त्यात अडथळा घालायचा नाही. तो दुसऱ्यानं घालायचा, त्याला वाटेल तिथे. एकदाच, एकदा पुरतं. आपला हात आपल्याशी लबाडी करतो, जिथे कमी दुखेल तिथेच जाऊन पडतो, असं ते म्हणायचे. सर गेले, पण नियम माझ्या मानगुटीवर बसवून गेले.

टेबलावर अॅल्युमिनियमचे दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये काळ्या चुंबकी पदार्थाच्या कांड्यांची जाळी. कांडी न् कांडी मी हातानं बसवलेली. तिच्यातून जायची ती प्रकाशाचीच जाडजूड बहीण, मायक्रोवेव्हमध्ये जेवण गरम करते ती लहर. अशा जाळीत लहरीला ऊर्जेचे ठरावीक पट्टेच मिळतात. दोन पट्ट्यांच्या मधल्या ऊर्जेला आत थारा नाही. पण वरखाली चुंबक लावून पट्ट्यांना पीळ पाडलेला असेल, तर त्या बिनथाऱ्याच्या लहरीला जाळीच्या काठानं एक वाट उरते. एकेरी. वाटेत काही आलं तर ती त्याला वळसा घालते, माघारी फिरत नाही. निदान गणित तसं म्हणत होतं. संध्याकाळी खोली दुसऱ्यांच्या ताब्यात जाणार होती, जाळी सुटी होणार होती, आणि अडथळा घालायला माझ्याकडे माणूस नव्हता.

म्हणजे इमारत माणसांनी भरलेली होती. पण शेजारच्या खोलीतल्या प्राध्यापकाशी माझं पंख्याच्या आवाजावरून वाजलेलं, समोरच्या बाई मला पाहून जिना बदलतात, आणि हाताखालचे विद्यार्थी माझ्या तिरसटपणाला कंटाळून केव्हाच पांगलेले. दोष त्यांचाच, असं मी बरीच वर्षं मानत आलो. त्या दुपारी फोनमधली नावं वरून खाली पाहत गेलो, तेव्हा एकाही नावावर बोट टेकेना. शेवटी ताईला फोन लावला. ती याच शहरात राहते. बोलणं मात्र तिनं फोन केला तरच, तेही मी उचलला तर.

"ताई, जरा येतेस का इकडे? आत्ता?"

पलीकडे कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला. मग, "येते रे. निघालेच."

ती आली ती धापा टाकत, हातात भलीमोठी पिशवी. पिशवीत कुकर, डबे, एक दुलई. "हे तुला. तुझ्या कुकरची शिट्टी कधीची गेलीय," ती म्हणाली. मला वाटलं, हिची नेहमीची काळजी. मी पिशवी कोपऱ्यात सरकवली, वरचा पत्रा उचलला आणि तिच्या हातात एक पितळी पट्टी दिली.

"ही काठावर कुठेही आडवी ठेव. मला विचारू नकोस."

"एवढ्यासाठी बोलावलंस?"

"एवढंच तर राहिलंय गं."

तिनं चष्मा सारखा केला, टेबलाभोवती एक फेरी मारली आणि पट्टी नेमकी त्या कोपऱ्यात ठेवली, जिथल्या कांड्या माझ्याकडून किंचित तिरक्या बसल्या होत्या. माझा हात तिथे जन्मात गेला नसता. मी पत्रा बसवला, यंत्र सुरू केलं. पलीकडे पोचलेल्या लहरीचा पडद्यावरचा उंचवटा होता तसाच राहिला, तसूभरही खचला नाही. चुंबक उलटे लावून वाटेची दिशा फिरवली, तर उंचवटा सपाट झाला. म्हणजे लहर खरंच काठानं, एकाच दिशेनं जात होती. चोरवाट कुठेच नव्हती.

"गेली! ताई, वळसा घालून गेली!" मी तिचे दोन्ही हात धरून चक्क नाचलो.

"बरं झालं बाई," ती हसली. मग कोपऱ्यातल्या पिशवीकडे पाहत म्हणाली, "घुम्या, मला वाटलं तुला कळलं, म्हणून बोलावलंस."

"काय कळलं?"

"उद्या जातेय मी. लेकीकडे, कायमची. घर आवरलं सगळं. तुला किती फोन केले, तू उचलला नाहीस."

मी खुर्चीत बसलो. इतकी वर्षं एकटा राहिलो, पण एकटं वाटलं ते तेव्हा. ती याच शहरात आहे, एवढ्या भरवशावर मी सगळ्यांशी भांडत आलो होतो.

"झालं ना तुझं काम?" तिनं पर्स उचलली. "निघू मग?"

प्रयोगाच्या बाबतीत मी कधी खोटं बोललो नव्हतो.

"नाही," मी म्हणालो. "अजून एकदा ठेवावी लागेल. दुसरीकडे."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. पर्स खाली ठेवली.

"दे इकडे ती पट्टी," म्हणाली, आणि सावकाश टेबलाभोवती फिरू लागली.