पाण्यातल्या प्लेटलेट

रक्त तपासायचं आमचं मशीन रुसतं, अडतं, स्क्रीनवर लाल अक्षरांत बोंबलतं; पण उगाच बोंबलत नाही. औंढ्यात आमच्या लॅबमध्ये मी सात वर्षं त्याच्याशी भांडतेय, म्हणून छातीठोक सांगते. त्याचा स्वभाव मला माझ्या सासूपेक्षा जास्त कळतो.

दसऱ्याच्या सकाळी पांढरी साडी नेसून मी विहारात निघाले होते, तेवढ्यात विश्वंभरकाकांचा फोन आला. काका म्हणजे आमचे लॅबमालक. आधी त्यांची पिठाची गिरणी होती. आता लॅब आहे, पण जीव अजून गिरणीवाल्याचाच. त्यांची नात सृष्टी डेंग्यूनं शेजारच्या दवाखान्यात होती. सहा वर्षांचं लेकरू, सलाईन लावलेलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आज प्लेटलेट पन्नास हजारांच्या वर असल्या तर इथंच ठेवू, खाली असल्या तर तडक नांदेडला हलवायचं.

वाटेत दवाखान्यात डोकावून मी तशीच लॅबमध्ये गेले न् मशीन चालू केलं. रोज सकाळी ते आधी रक्ताशिवायच एक फेरी घेतं. त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. त्यात सगळे आकडे शून्याच्या जवळ आले पाहिजेत. आज लाल पट्टी आली: बॅकग्राउंड ॲबनॉर्मल.

"आता काय झालं याला?" काका दारातूनच ओरडले. हातात सृष्टीच्या रक्ताची ट्यूब होती.

"काही न्हाई. आंघोळ घालते त्याला."

मी नळ्या धुतल्या, क्लीनर फिरवला, मशीन बंद करून परत चालू केलं. पट्टी तशीच. मग कंपनीच्या हरीशला फोन लावला. तिकडं मागं लेकरांचा गोंधळ, कुणीतरी जेवायला हाका मारत होतं. "मॅडम, सणाचा दिवस आहे," तो म्हणाला. "धूळबीळ असंल. ओके दाबा न् पुढं जा. उद्या येतो मी."

"ऐकलं का? साहेबच म्हणून राहिला पुढं जा," काका म्हणाले. "काहून अडून बसलीस? लेकरू तिकडं तळमळून राहिलंय!"

त्यांचा चेहरा बघवेना. मी ओके दाबलं, ट्यूब लावली. एकाहत्तर हजार!

काकांनी मशीनलाच हात जोडले. "नागनाथा, पावलास रे बाबा! टाक सही, डॉक्टरला सांगून येतो."

मी पेन उचललं आणि तसंच ठेवलं. सकाळी दवाखान्यातून येताना मी सृष्टीला बघितलं होतं. हिरड्यांतून रक्त येत होतं. एकाहत्तर हजारवाल्या लेकराचं असं सहसा होत नाही.

"थांबा काका."

"आता आणखी काय?"

मी कोरी ट्यूब घेतली, तिच्यात नुसतं शुद्ध पाणी भरलं आणि रक्त समजून मशीनला पाजलं. आकडा आला, सेहेचाळीस हजार.

"पाण्याला प्लेटलेट असतात का, काका?" माझा आवाज चढलाच. "का पाण्यालाबी डेंग्यू झालाय?"

मी टेबलाखाली वाकले. मशीन रक्तात जे पातळ द्रावण मिसळतं, त्याचा मोठा डबा तिथं असतो. झाकणाला भोक, भोकातून नळी वर जाते. घाण सगळीकडं पोचायची तर इथूनच. मी झाकणावरून बोट फिरवलं आणि सवयीनं साडीला पुसलं. पांढऱ्या साडीवर पिवळा पट्टा उमटला.

हळद.

काल खंडेनवमी होती. मी दुपारीच घरी गेले होते. गिरणीच्या मोटारीला वाहायचे, तशी काकांनी मशीनला हळद-कुंकू वाहिलं होतं, आणि डब्यालाही, भरभरून. हळद आपल्याच वसमतची, वस्त्रगाळ. झाकणाच्या भोकातून आत उतरली होती न् मशीन तिचे कण प्लेटलेट म्हणून मोजत होतं.

"म्या... म्या तर बरकत यावी म्हणून..." काका खाली बसले.

"रडू नका, उठा. मागच्या खोलीतून नवा डबा आणा. लवकर!"

डबा बदलला. नळ्या धुतल्या, पुन्हा धुतल्या. या वेळी ब्लँक शून्य आला, लाल पट्टी गेली. मग मी सृष्टीची ट्यूब लावली. काका माझ्या खांद्याला धरून उभे होते.

चोवीस हजार.

"आणखी एकदा लाव, पोरी."

लावलं. पुन्हा चोवीस.

"हे खरं हाय, काका," मी सही करत म्हणाले. "मघाचं तुमच्या हळदीचं होतं. गाडी सांगा." घाबरले होते मीही, पण हात बराबर चालत होता. अर्ध्या तासात गाडी नांदेडच्या रस्त्याला लागली.

दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला.

"करुणा, चढल्या गं! नव्वद हजार झाल्या. पोरगी शिरा मागून राहिली."

मी भिंतीला टेकले. सुटले, असं मोठ्यांदा म्हणाले.

"पन आयक," काका म्हणाले. "रिपोर्ट हातात घ्यायच्या आधी म्या इथल्या लॅबवाल्याला इचारलं, सकाळी ब्लँक लावला व्हता का? शून्य आला व्हता का? तर भडकला माझ्यावर. म्हणला, तुमी कोण मोठे इंजिनिअर?"

"मग?"

"मग म्या म्हणलं, इंजिनिअर न्हाई, मी तिचा आजा हाय. तर गप उठला न् दाखवला." नाक ओढल्याचा आवाज आला. "शून्य हाय, करुणा. अगदी बराबर शून्य."