लिटरचा भाव

तिसऱ्या दिवशी आबांना पाठ टेकून झोपता आलं, आणि त्यांनी लगेच भागाकार मांडला.

मुरबाडजवळच्या गावात त्यांनी तीस वर्षं दुधाचं संकलन केंद्र चालवलं होतं. हृदय थकून फुप्फुसात पाणी साचलं, तेव्हा लेक दर्शना त्यांना जीपने कल्याणच्या खाजगी हॉस्पिटलात घेऊन आली. आता इंजेक्शनं देऊन ते पाणी लघवीवाटे काढत होते, आणि पिशवीत किती उतरलं ते सिस्टर लिहून ठेवायची.

"किती झालं, सिस्टर?"

"साडेसहा लिटर, बाबा."

"आणि बिल?"

दर्शनाने डोळ्यांनी खुणावलं, पण सिस्टर बोलून गेली, "ऐंशी हजार."

"लिटरला बारा हजार! अगो, मी म्हशीच्या दुधाला साठ दिले तर डेअरीवाला बोंबलायचा!"

तीन रात्री न झोपलेल्या दर्शनाला हसू आवरेना. "भगीरथ नाव तुमचं. गंगा जमिनीवर आणायची सोडून छातीत कशाला आणलीत?"

आबा हसले, खोकले, यंत्र टिवटिवलं, सिस्टर धावत आली.

"पाणी उतरलं. मी आज घरी चाललो," आबा म्हणाले.

दर्शनाचं हसू विरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन दिवस आणखी राहिले नाहीत तर पाणी पुन्हा भरेल, आणि परत इथवर पोचतीलच याचा भरवसा नाही. शहापूरच्या शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवणारी दर्शना म्हणाली, "सरकारी योजना मंजूर झालीय, आबा. पुढचं सगळं फुकट."

आबा मुकाट आडवे झाले. पण शेजारच्या पेशंटची बायको, हिराबाई, तडक काउंटरवर गेली. "आमच्या यांचं पण फुकटात करा!" तिच्यामागे आणखी चौघं. शेवटी क्लार्क तणतणत वॉर्डात आला. "कोण सांगतं फुकट? हे हॉस्पिटल योजनेत नाहीच!"

दर्शनाने मान खाली घातली.

"मला ठाऊक होतं," आबा म्हणाले. "फुकटाची खाट खिडकीशी नसते गो."

"मग गप्प का पडलात?"

"तुला खोटं बोलता येत नाय. तरी बोललीस. म्हटलं, डॉक्टर घाबरवत नाय, दुखणं खरंच मोठंय."

"मग राहाल?"

"राहतो. पण त्या क्लार्कला चहा पाज, त्याचंच हार्ट फेल व्हायचं."

हिराबाई आधी हसली, मग क्लार्कही.

त्यानंतर आबांना पाच महिने मिळाले. त्यातले पहिले दोन दिवस वॉर्ड एवढा खिदळला, की हॉस्पिटलने भेटीची वेळ अर्ध्या तासाने कमी केली.