डालकीच्या अलीकडे-पलीकडे

मित्रांनो, मी एक जुनी डालकी आहे, कोंबड्या झाकायची टोपली. जळगावात पिंप्राळ्याच्या एका परसात, मोरीजवळच्या खिळ्याला मी लटकलेली असते. माझ्या कुशीला एक भोक पडलं आहे आणि त्यात हल्ली एक चिमणी काड्या आणून भरते. मी तिला काही म्हणत नाही. तेवढीच सोबत.

माझा जन्म अमळनेरच्या बाजूच्या एका खेड्यातला. भिका नावाचा म्हातारा तुरीच्या काड्या भिजत घालून टोपल्या विणायचा. बाकीच्या तो अशा दाट विणायचा की बाजरी सांडणार नाही. मला मात्र त्याने विरळ विणलं. दोन बोटं सहज जातील एवढ्या फटी ठेवल्या. मला फार अपमान वाटला. म्हटलं, म्हाताऱ्याने माझ्यावर काड्या वाचवल्या. पुढे कळलं की माझं सगळं काम त्या फटींमधूनच व्हायचं होतं.

झुलालआबांनी मला बाजारातून विकत घेतलं आणि डोक्यावर उपडी घालून घरी नेलं. फटींतून बघत बघत स्वारी चालली होती. दारात द्रौपदाबाई उभ्या होत्या. आधी त्या पोट धरून हसल्या आणि मग त्यांनी मला उतरवून घेतलं.

तुम्हाला कोंबड्या भोळ्या वाटत असतील, तर तो समज काढून टाका. परसात नवी कोंबडी आली की जुन्या तिच्यावर तुटून पडतात. तुरा सोलतात, दाण्याला शिवू देत नाहीत. म्हणून द्रौपदाबाई नवीला माझ्याखाली झाकायच्या, भर परसात, सगळ्यांच्या मधोमध. मग दादर ज्वारीचे दाणे दोन्हीकडे टाकायच्या, मूठभर आत आणि मूठभर बाहेर. आत नवी टिपायची, बाहेर जुन्या टिपायच्या. मध्ये मी. पहिले दोन दिवस जुन्या माझ्यावर चोची आपटत. पाचव्या दिवसापर्यंत त्यांना कंटाळा येई. आठव्या दिवशी नवी आणि जुनी माझ्या दोन बाजूंना अंग टेकून ऊन खात बसलेल्या असत. त्या दिवशी मावळतीला नवीला खुराड्यात सोडायचं की झालं. सकाळी सगळ्या एकत्र बाहेर पडत आणि मी खिळ्यावर. माझं काम नीट झालं की माझी गरज संपे. याची सवय व्हायला मला बरीच वर्षं लागली.

मग आबा गेले. मुलगा भाईदास पिंप्राळ्यात राहायचा, जळगावात नोकरी करायचा. त्याने आईला आणायचं ठरवलं. एक्क्याण्णव साल असेल. द्रौपदाबाईंनी कोंबड्या वाटून टाकल्या, पण काबरी काही त्यांना सोडवेना. काबरी म्हणजे त्या कळपाची पाटलीण. तिच्याआधी दाण्याला तोंड लावायची कुणाची छाती नव्हती. माझ्यात बसून, वर फडकं बांधून, ती एसटीने शहरात आली.

भाईदासच्या घराला परस नव्हतं. शेजारच्या कमलबाईंना होतं. त्या शिंदखेड्याकडच्या, द्रौपदाबाईंचीच बोली बोलणाऱ्या, एकट्याच राहायच्या. त्यांच्या नऊ कोंबड्या होत्या. त्या म्हणाल्या, आणा, राहील आमच्यात. भाईदासने काबरीला उचललं आणि सरळ त्या नऊ जणींत सोडलं.

"कोंबडीच शे माय, मिसळी जाई," म्हणाला आणि ड्युटीवर निघून गेला.

आमची पाटलीण दोन मिनिटांत रक्तबंबाळ होऊन मोरीत लपली. द्रौपदाबाई अनवाणी धावत आल्या. त्यांनी तिला पदरात घेतलं, हळद लावली आणि माझ्याखाली झाकलं.

"नवी शे ती! आठ दिन डालकीखाले ठेवनं पडी तिले," त्या कुणाला सांगत होत्या कोण जाणे. भाईदास तर केव्हाच गेला होता.

खरं सांगू? त्या घरात द्रौपदाबाईंनाही असंच सरळ सोडलं होतं. त्यांना कुणी टोचलं मात्र नाही. सून सुनंदा स्वभावाने चांगली, पण दवाखान्यात नोकरीला. सकाळी ताट झाकून जायची. घराला दिवसभर कुलूप नसे एवढंच, बोलायला कुणी नसे. गावाकडची बोली ऐकून कॉलनीतल्या बाया गालात हसायच्या, म्हणून द्रौपदाबाईंनी बोलणंच सोडलं होतं.

आता रोज दुपारी त्या आपलं ताट घेऊन परसात यायच्या आणि माझ्याजवळ बसून जेवायच्या. काबरीवर लक्ष ठेवायला, असं त्या म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी कमलबाईंनीही आपली भाकर बाहेर आणली. एक माझ्या अलीकडे, एक पलीकडे. आधी कोंबड्यांचं बोलणं झालं, मग पावसापाण्याचं, मग आबांचं. आबांनी मला डोक्यावर घालून आणलं होतं हे सांगताना द्रौपदाबाई हसल्या. आबा गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं.

आठ दिवस झाले. काबरी आणि नऊ जणी एकमेकींना टेकून बसू लागल्या.

"अक्का, मिसळनी आते ती. काढू का डालकी?" कमलबाईंनी विचारलं.

"दोन दिन ऱ्हाऊ दे वं माय. अजून घाबरस ती."

दोनाचे चार झाले, चाराचे आठ. काबरीला माझ्याखाली जीव नकोसा झाला. ती आतून मला चोची मारायची. मला सगळं कळत होतं. मी उचलली गेले, की द्रौपदाबाईंना परसात यायला निमित्त उरणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपलं काम लवकर होऊ नये.

सोळाव्या दिवशी कमलबाईंनी न विचारताच मला उचललं. काबरी तीरासारखी सुटली आणि कळपात दिसेनाशी झाली. मागे वळूनही पाहिलं नाही तिने. द्रौपदाबाईंचा चेहरा उतरला. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठू लागल्या.

"घाबरत व्हती ती..." त्या पुटपुटल्या.

"कोंबडी घाबरत नव्हती, अक्का," कमलबाई म्हणाल्या. त्यांनी मला पुन्हा त्याच जागी उपडी ठेवलं. "कसाले उठतस? बठा. डालकी आठेच, ह्याच जागावर ऱ्हाई."

त्यानंतर चार वर्षं रोज दुपारी मी खिळ्यावरून उतरत होते. माझ्याखाली काही नसायचं. माझ्या दोन्ही बाजूंना दोन ताटं असायची. मित्रांनो, माझं सगळ्यात मोठं काम मी रिकामीच असताना केलं.

पाचव्या वर्षी थंडीत द्रौपदाबाई गेल्या. पंधराएक दिवसांनी कमलबाईंनी मला खाली काढलं आणि जागेवर ठेवलं. स्वतः अलीकडे बसल्या. भाकर काही त्यांना खाववेना. मग त्यांनी मूठभर दाणे अलीकडे टाकले आणि मूठभर पलीकडे. कोंबड्या धावत आल्या, टिपून गेल्या. म्हातारी काबरी तेवढी पलीकडे बसून राहिली, दाणे संपले तरी. दिवस कलल्यावर कमलबाईंनी मला खिळ्याला अडकवलं. तेव्हापासून मी इथेच आहे.

माझं एक ऐका. तुमच्या घरी, वर्गात, गल्लीत कुणी नवं आलं, तर मिसळेल आपोआप म्हणून पाठ फिरवू नका. त्याच्यासमोर बसून आठ दिवस जेवा. आणि आठ दिवस झाले, म्हणून लगेच उठू नका.