वळणांचा पाढा

"तिसरा," धनेंद्र चालता चालता म्हणाला आणि दुधरामने वहीत गिअर लिहून घेतला. वळण अजून वीस पावलं लांब होतं.

मोटरसायकलच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळा रस्ता अनवाणी तुडवायचा, ही धनेंद्र टेंभरेची सव्वीस वर्षांची रीत. मद्रास असो की कोल्हापूर, मागे वही घेऊन त्याचा मेकॅनिक दुधराम असायचाच. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शेवटची शर्यत घरच्या रस्त्यावर होती, आमगावच्या पुढे, धानाच्या बांध्यांमधून. नव्व्याण्णव साली याच रस्त्यावर तो पहिला आला होता. तेव्हापासून पंचक्रोशीत कुणी गाडी जोरात हाणली की लोक म्हणत, "काऊन बे, टेंभरे झाला का?"

"चौथा. डाव्या कडेनं."

दुधरामचं पेन थांबलं. नव्या पुलाचा कठडा तिथे डावीकडून हातभर रस्त्यात आला होता. तो सांगणार, तेवढ्यात धनेंद्रचा गुडघा कठड्यावर आदळला.

"पायलं नाही," तो कसंनुसं हसला.

ताज्या चुन्याचा, कमरेएवढा कठडा तो! आंधळ्यालाही दिसला असता. दुधरामने वही मिटली.

"कवापासून?"

धनेंद्र गुडघा चोळत राहिला. "दोन वर्सं झाले. समोरचं दिसते, बाजूचं गेलं. नागपूरचा डॉक्टर म्हणते, काचबिंदू. गेलेलं वापस येत नाही."

"दुर्गेश्वरी वहिनीले मालूम हाये?"

"नाही. तुलेबी झालं नसतं."

म्हणजे वळण यायच्या आधीच गिअर सांगायचा, ती तयारी नव्हतीच. नुसता पाठ केलेला पाढा होता. आणि आपण मूर्खासारखे दोन वर्षं त्याचं कौतुक करत होतो, या विचाराने दुधरामला स्वतःचाच राग आला.

"उद्या उतरू नको, धनेंद्र."

"आता आदळलो ना, हा कठडाबी पाठ झाला." त्याने कठड्यावरून हात फिरवला. "एकच डाव. मंग मीच सोडतो."

कठडा पाठ होईल. पण डावी-उजवीकडून अंगावर येणाऱ्या सतरा गाड्या कोण पाठ करून देणार? दुधरामला त्या रस्त्याकडे बघवेना.

एवढ्यात आयोजक भैय्यालाल जीप घेऊन आले. त्यांनी खिडकीतूनच एक कागद दुधरामच्या हातात दिला.

"रायडर और गाडी फिट, ऐसा लिखा है. मेकॅनिकची सही करून पाच वाजेपर्यंत पोचवा. कागज नहीं, तो गाडी लाइन पे नहीं. आपके लिए भी नहीं, धनेंद्रभाऊ!"

हसत हसत ते निघून गेले. धूळ खाली बसली. साडेचार वाजले होते.

"कर लवकर," धनेंद्र म्हणाला. त्याची नजर समोर, थेट रस्त्यावर होती. अंगात आत्ताच वारं शिरल्यासारखा तो टाचा उचलून उभा होता. असा खूश तो कित्येक महिन्यांत दिसला नव्हता.

दुधराम दोन पावलं सरकून त्याच्या डाव्या हाताला आला. कागद कठड्यावर ठेवून त्याने पेनाचं टोपण काढलं. मग ते पुन्हा लावलं.

"झाली का बे सही?" धनेंद्रने समोर बघतच विचारलं.

"झाली," दुधराम म्हणाला आणि सहीची जागा कोरीच ठेवून त्याने कागद घडी घालून खिशात टाकला. "तू घरी जाय. मी देऊन येतो."