मी अडकलो नव्हतो

मी पाण्याचा मीटर बोलतोय. घाबरू नका, बिल घेऊन आलेलो नाही. बिल आलं की लोक शिव्या मला घालतात. बिल मी कधी केलं? आता तर पाणी खात्याच्या कचेरीमागे, खिडकीखाली, भंगाराच्या ढिगात पडलोय.

पितळेचं अंग, काचेचं तोंड घेऊन कारखान्यातून निघालो, तो एका बैठ्या घराच्या भिंतीवर बसलो. शेजारी लाँड्रीचा मीटर. सांडपाणी मोजायला मात्र मीटर नसतो. नळातून आत आलं तेवढं गटारात गेलं, असं धरून चालतात. लाँड्रीला सांडपाण्याचं बिल दर महिन्याच्या वापरावर. घराचा हिशेब वेगळा. उन्हाळ्यात पाणी झाडांनाही जातं, थंडीत सगळं मोरीतच. म्हणून थंडीच्या तीन महिन्यांची सरासरी काढायची आणि तीच वर्षभर लावायची.

आमच्या घरचे काका हा नियम कोळून प्यायले होते. थंडी पडली की बजावायचे, "अगं, तीन महिने हात आखडता घे, मग वर्षभर निवांत!" काकू हसायच्या आणि अर्ध्या बादलीत भागवायच्या.

मागच्या थंडीत नेमके काकाच अंथरुणाला खिळले. चादरी दिवसातून तीनदा भिजायच्या. काकू त्या धुवायच्या, काकांना पुसून काढायच्या, पुन्हा धुवायला बसायच्या. माझा काटा गरगर फिरायचा.

"बंद कर तो नळ! राहू दे मला तसाच!" काका आतून ओरडायचे.

"गप पडा हो. लाँड्रीतलं पाणी आणलंय."

ते पाणी कुठलं, ते मला ठाऊक होतं. थंडी सरता सरता काका गेले. त्यांच्या शेवटच्या अंघोळीचं पाणीही मीच मोजलं. फार लाज वाटली, पण मला थांबता येत नाही.

वर्षभर काकूंना काकांच्या आजारपणाचं बिल येत राहिलं. त्या लाँड्रीत इस्त्रीला जाऊ लागल्या. मालकाला म्हणाल्या, "भाऊ, या थंडीत आकडा उतरला नाही, तर घर सोडून बहिणीच्या दारात जाऊन पडावं लागेल."

थंडी आली. काकू कपडे लाँड्रीत धुवायच्या, अंघोळ दोन तांब्यांत उरकायच्या. माझा काटा जेमतेम हलायचा. जिंकलात काकू, असं मी मनात म्हणत होतो.

मग रीडिंग घेणारा आला. काकू कामावर होत्या. त्याने काचेवर टिचकी मारली, जुना आकडा बघितला. "मागच्या थंडीत एवढं, आणि आता एवढंसं? मीटर अडकलाय." दोन दिवसांत मला उतरवून नवा बसवला.

काल खिडकीतून काकूंचा आवाज आला.

"साहेब, घरात मी एकटीच असते हो."

"मावशी, मीटर बंद पडला की मागच्या वर्षीचीच सरासरी लागते."

"पण तो बंद नव्हता!"

"आता कसं सांगणार? तो गेला भंगारात."

मग काकू हळूच म्हणाल्या, "ह्यांना कळलं तर फार बोलतील मला."

उद्या मला वितळवायला नेणार आहेत. माझी कीव करू नका. पण पुढच्या वेळी कुणाचा मीटर अडकला म्हणून लिहिण्याआधी एक नळ सोडा आणि काट्याकडे बघत मिनिटभर थांबा. तेवढं पाणी काकूंनी आनंदानं दिलं असतं.