सोळाव्याचा नंबर

सासऱ्यांच्या कपाटाला कुलूप कधीच नव्हतं, तरी त्याला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. वरच्या फळीवर व्हिडिओ टेप होत्या, पुस्तकांसारख्या उभ्या, कारण आडव्या ठेवल्या की आतली फीत एका कडेला बसते. खालच्या फळीवर त्याच सिनेमांच्या डिस्क. दोन्हीकडे बावीस-बावीस, आणि सगळे एकाच गुप्तहेराचे. पहिला निघाला तेव्हा सासरे शाळेत होते, बाविसावा निघाला तेव्हा निवृत्त झाले होते. मधल्या काळात त्या गुप्तहेराचं काम करणारे चार नट झाले. घरात त्यांना आपापली नावं पडली होती: पहिला, जबडेवाला, केसवाला आणि हल्लीचा.

कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवलेली असे. दर दोन वर्षांनी सासरे दर रविवारी दुपारी एक असे बावीसच्या बावीस सिनेमे क्रमाने बघत आणि नव्याने नंबर लावत. सुरुवात, खलनायक, सुटका, यंत्रं आणि शेवट, प्रत्येकाला वीस गुण. कुणी म्हणालं की मला बुवा पाचवा आवडतो, तर ते म्हणत, "आवडू दे की. आवडणं वेगळं, नंबर वेगळा."

त्यांची सून दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवत आणि ती त्यावरून दात घडवायची. पांढरा म्हणजे नुसता पांढरा नसतो, त्याच्या सोळा छटा असतात, आणि नमुन्यांची पट्टी हातात न घेताही त्या तिला ओळखता येत. लग्नाआधीच नवऱ्याने तिला बजावलं होतं, "बाबांशी कशावरही बोल. सोळाव्या सिनेमावर मात्र बोलू नकोस." तो स्वतः जहाजावर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. म्हणजे बोलायला घरात उरत होते ते बाबाच.

पहिली दोन वर्षं तिला सगळे सिनेमे सारखेच वाटत. ती मागे उभी राहून इस्त्री करायची आणि मान वर केली की कुणीतरी कड्यावरून लोंबकळत असायचं. एकदा आठवा चालू असताना तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "या जबडेवाल्याचे वरचे सहा दात खोटे आहेत."

सासऱ्यांनी टेप थांबवली. पडद्याजवळ जाऊन पाहिलं. मग सातवा काढून लावला, तो बघितला आणि म्हणाले, "यात खरे आहेत. आठव्यापासून बदललेत." त्यानंतर पुढच्या रविवारी तिच्यासाठी खुर्ची मांडलेली होती.

सोळाव्याची भानगड तिला नंतर कळली. सासऱ्यांनी अडतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींची पोटं त्यांनी आतून पाहिली होती. सोळाव्यात खलनायकाचा माणूस लिफ्टचे दोर कापतो आणि लिफ्ट चाळीस मजले खाली येते. "असं होत नाही," सासरे म्हणत. "दोर तुटले तरी लिफ्ट जागच्या जागी अडकते. लोकांना उगीच घाबरवून ठेवलंय." त्या एका प्रसंगापायी सोळावा कायम बाविसाव्या नंबरावर. काळ्या दगडावरची रेघ.

मग त्यांचे डोळे गेले. पुरते नाहीत, मधला भाग गेला आणि कडा राहिल्या. दाराची चौकट दिसायची, दारात उभा असलेला माणूस दिसायचा नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की गेलंय ते परत येणार नाही, आहे ते टिकवू. घरी आल्यावर सासरे म्हणाले, "ते कपाट कुणाला हवं असेल तर देऊन टाक." आणि आवाज इतका साधा होता, की दोन दिवस ती कपाटाकडे बघायचं टाळत राहिली.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ऐका. पडद्यावर काय चाललंय ते मी सांगते."

"तू काय सांगणार? मारामारी चाललीय म्हणून?"

"सांगून तर बघते."

पहिला प्रयत्न साफ फसला. ती म्हणाली, "आता तो पळतोय." सासरे म्हणाले, "ते बुटांच्या आवाजावरून मलाही कळतंय. कुठून कुठे पळतोय? मागे कोण आहे?" ती सांगायला गेली तोवर खलनायकाचं महत्त्वाचं वाक्य तिच्या बोलण्याखाली बुडालं. अर्ध्या तासात दोघंही घामाघूम. सासऱ्यांनी टीव्ही बंद केला.

पण ती हार मानणाऱ्यांतली नव्हती. प्रयोगशाळेत दात बसला नाही म्हणून कुणी तोंड शिवून टाकत नाही, दात पुन्हा घासतात. तिने तेच धरलं. दोन संवादांच्या मधे जेवढी फट असेल तेवढंच वाक्य, शेजारच्याला धक्का न लावता. शनिवारी दुपारी ती सिनेमा एकटीने आधी बघायची, फटी मोजायची, वहीत वाक्यं लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. "निळी गाडी पुलाच्या मधोमध आडवी." एवढंच. "बाई हसते, पण हात पर्समध्ये." एवढंच. पाचव्या रविवारी गाडी अशी रुळावर आली की सासरे खुर्चीच्या टोकाशी सरकून बसले आणि शेवट झाल्यावर म्हणाले, "सुटकेला सतरा. लिही."

दोघांमध्ये एक नियम ठरला. सिनेमा चालू असताना बोलायचं तिने, सासऱ्यांनी चकार शब्द काढायचा नाही.

अशा रीतीने ते सोळाव्यापर्यंत पोचले.

"तो राहू दे," सासरे म्हणाले. "त्याचा नंबर ठरलेला आहे."

"यादी बाविसांची आहे ना? मग बावीसही बघायचे."

स्वतःचाच नियम अंगावर आल्यावर करतात काय? बसले. तासाभराने लिफ्टचं यंत्रघर आलं.

"छताला एकच बल्ब," ती म्हणाली. "हातमोजा घातलेला हात. चेहरा दिसत नाही."

सासरे सवयीने तिच्याकडे वळले. "हे बघ, लिफ्टला जे दोर असतात ना—"

"बाबा, नियम."

ते पुन्हा पडद्याकडे वळले.

"हात एका छोट्या डबीच्या दोन स्क्रूंना तार गुंडाळतो. मग एक बारीक दोर कापतो, करंगळीएवढा. तो सळसळत खाली जातो. शेजारी पाच जाड दोर, त्यांना अजून हात लावलेला नाही."

"थांबव," सासरे म्हणाले.

तिने थांबवलं. तिला वाटलं, आता व्याख्यान सुरू होणार. पण ते हळू आवाजात विचारत होते, "आधी काय केलं? तार का दोर?"

"आधी तार."

"डबी कुठे आहे? बारीक दोराच्या चाकाजवळ?"

"चाकाला लागूनच."

"मागे घे. पुन्हा सांग."

तिने चार वेळा मागे घेतलं, चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी सासऱ्यांनी गुडघ्यावर हळूच हात आपटला. "अगं, तो बारीक दोर म्हणजे लिफ्टचा राखणदार. लिफ्ट जोरात खाली यायला लागली की तो खालचे जबडे ओढतो आणि लिफ्ट रुळांना चावून बसते. आणि ती डबी म्हणजे राखणदाराचाही राखणदार. बारीक दोर तुटला तर ती लिफ्ट जागीच बंद करते. या पठ्ठ्याने आधी तारेने डबी निकामी केली, मग बारीक दोर, आणि मग जाड. क्रम अगदी बरोबर आहे. हा माणूस लिफ्टवाला आहे."

शेवटचं वाक्य त्यांनी अशा सुरात म्हटलं, की जणू जुना सहकारी दारात येऊन उभा राहिला होता.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "दहा-बारा वेळा पाहिला मी हा. थिएटरात, टेपवर, डिस्कवर. तेव्हा हे दिसलं कसं नाही?"

तिला माहीत होतं. सांगावं की नाही, असा क्षणभर विचार केला आणि सांगितलं. "यंत्रघर आलं की तुम्ही पडद्याकडे पाठ करायचात, बाबा. आमच्याकडे तोंड करून आम्हाला लिफ्ट शिकवायचात. तुम्ही बघत नव्हता आणि आम्हालाही बघू देत नव्हता."

सासरे एवढे हसले की खोकला लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "आणि मला वाटायचं, डोळे आत्ता गेले."

त्या संध्याकाळी सोळाव्याचे गुण पहिल्यापासून पुन्हा मोजले गेले. दया-माया काही नाही. खलनायकाला तेराच मिळाले, शेवटाला अकरा. पण यंत्रांना एकोणीस. सोळावा बाविसाव्यावरून नवव्यावर आला आणि तिने नवी यादी लिहून दाराला चिकटवली. सासऱ्यांनी जहाजावर फोन लावला आणि "सोळावा नववा झाला" एवढंच सांगून तिच्या हातात फोन दिला. पलीकडून नवरा काळजीच्या आवाजात विचारत होता, "बाबांची तब्येत बरी आहे ना?"

सासऱ्यांच्या पोटात गोष्ट राहते थोडीच. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत शेजारी बसेल त्याला ते ऐकवत: "डोळे चांगले असताना जे दिसलं नाही, ते माझ्या सुनेने दाखवलं." असंच एकदा शेजारी अंधांच्या वाचनालयातली ग्रंथपाल बसली होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं, चार प्रश्न विचारले आणि पुढच्याच आठवड्यात सुनेला फोन केला. वाचनालयात सभागृह आहे, पडदा आहे, माणसं आहेत. एक सिनेमा सांगाल का?

पहिला वाद कुठला सिनेमा लावायचा यावरून झाला. सासरे म्हणाले, "पहिल्या नंबराचा. लोकांसमोर जायचं तर उत्तम माल घेऊन जावं."

"मी सोळावा लावणार," ती म्हणाली.

"नवव्या नंबराचा सिनेमा? कशाला?"

"बोलणार मी आहे ना? मग मीच ठरवणार."

सासऱ्यांनी भुवया उंचावल्या. या घरात सिनेमांच्या बाबतीत त्यांचा शब्द आजवर कुणी खाली पडू दिला नव्हता. पण चेहऱ्यावर राग नव्हता. नंतर नवऱ्याला त्यांनी फोनवर सांगितलेलं तिने ऐकलं: "नाकावर माशी बसू देत नाही हल्ली. चांगलं आहे."

तिने तीन शनिवार तयारी केली. कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात पस्तीस माणसं आली. कुणी पांढरी काठी खुर्चीला टेकवली होती, कुणी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून आत आलं होतं. तिला एका कोपऱ्यात टेबल, माइक आणि वहीपुरता दिवा दिला होता. एकट्या सासऱ्यांना सांगणं निराळं आणि हे निराळं. हा सिनेमा आमच्या यादीत नववा, एवढं सांगून तिने सुरू केलं. पहिल्याच वाक्यात जीभ अडखळली, "हेलिकॉप्टर"चं "हेलिपॉक्टर" झालं आणि सभागृह खळखळून हसलं. तीही हसली. ते बरंच झालं, कारण त्यानंतर आवाज सुटला.

लिफ्टचा प्रसंग आला तेव्हा तिने वही बाजूला सारली. ती वाक्यं तिला पाठ होती. डबी, तार, बारीक दोर. मग जाड दोर, एकेक करून. प्रत्येक दोरागणिक सभागृहातली चुळबुळ कमी होत गेली. लिफ्ट कोसळली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका माणसाने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवलेले तिने पाहिले.

दिवे लागल्यावर तोच माणूस वाट काढत तिच्या टेबलापाशी आला. पियानो जुळवायचं काम करायचा, जन्मापासून अंध. म्हणाला, "या गुप्तहेराचे सिनेमे मी लहानपणापासून ऐकतोय. गोळी, किंचाळी, गाडी, मग संगीत. मधे काय होतं ते कुणी सांगितलंच नव्हतं. भावाला विचारलं की तो म्हणायचा, काही नाही रे, नुसती मारामारी आहे." मग म्हणाला, "नवव्या नंबराचा म्हणालात ना हा? मग वरचे आठ कसले आहेत?"

एवढं ऐकायचाच अवकाश, सासरे उठून उभे राहिले. बोटांवर मोजत त्यांनी आठव्यापासून सुरुवात केली. तिसऱ्यापर्यंत येईतो भोवती दहा-पंधरा माणसं जमली होती. एक निवृत्त मुख्याध्यापिका ठामपणे म्हणाल्या की चौथा सिनेमा अकराव्या सिनेमाच्या वर असूच शकत नाही. अकराव्याचं नुसतं संगीत ऐकलं तरी कळतं. सासऱ्यांनी त्यांना पाच कसोट्या सांगितल्या. बाईंनी सहावी सुचवली: आवाज. सासरे यावर विचारात पडले, हे सुनेने पहिल्यांदाच पाहिलं.

ग्रंथपालबाईंनी तिथल्या तिथे विचारलं, सगळे सांगाल का? महिन्याला एक. आणि बोलणं रेकॉर्ड करून ठेवू, म्हणजे इतर वाचनालयांनाही देता येईल. सुनेने हो म्हणायला क्षणभरही घेतला नाही. बाहेर पडताना तिचे पाय जमिनीवर नव्हते आणि सासरे तर तिचा हात धरूनही तिच्या पुढे चालत होते.

आता वाचनालयात तेरा झालेत, नऊ राहिलेत. दोन गावांच्या वाचनालयांनी रेकॉर्डिंग मागवून नेलं. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणी तिला चिडवतात, की दात बनवता बनवता ही लोकांना डोळे बनवून द्यायला लागली. ती नुसती मान डोलावते, पण अंगावर मूठभर मांस चढतंच.

कपाटाच्या दारावर आता दोन याद्या आहेत. दुसरी तिची. सहा कसोट्या, एकशेवीस गुण. सासऱ्यांनीच ती लिहायला लावली आणि वाचून दाखव म्हणाले. तिने वाचली. तिच्या यादीत सोळावा दुसरा होता.

"दुसरा फार होतो," सासरे म्हणाले.

"खलनायकाला तुम्ही तेरा दिलेत, मी अठरा. त्याला शेवटी घाम फुटतो, तो ओठांवर कसा जमतो ते तुमच्या कधी लक्षात आलेलं नाही."

"सांगितलंसही नाहीस कधी."

"फट नव्हती."

सासऱ्यांनी खुर्ची टीव्हीसमोर ओढली. "लाव. तो घाम सांग. मग बघू."