पोळ्याच्या पहिल्या मानाची सनद

दौलताबादजवळच्या त्या गावात पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी काकासाहेबांची जाते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकासाहेबांकडं बैल नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ते शहरात पुंडलिकनगरला राहायचे, आणि तिसऱ्या मजल्यावर बैलांची सोय नसते. म्हणून जोडी गावातल्या पुंजारामाची असायची, आणि तिच्यामागं फेटा बांधून काकासाहेब चालायचे, जणू वर्षभर पेंड त्यांनीच चारली.

यंदा पोळ्याला आठ दिवस उरले असताना पुंजारामाचा फोन आला.

"काकासाहेब, बैल माझे, पेंड माझी, शिंगाचा रंग माझा. मग मान तुमचा कसा व्हय?"

"निजामाची सनद आहे आमच्याकडं!"

"मग आणा की. उद्या पारावर वाचून दाखवा. नायतर जोडी माझ्या नावानं निघंल."

सनद देवघरात पाटावर होती. फारसीत असल्यामुळं चार पिढ्यांत ती कुणी वाचली नव्हती, आणि त्यामुळंच तिच्यावरून घरात कधी वाद झाला नव्हता. काकासाहेब तडक निवृत्त उर्दू शिक्षक कादरीमास्तरांकडं गेले.

मास्तरांनी चष्मा पुसला. "मोहर अस्सल है. मजकूर बी साफ है. पोळ्याचा पहिला मान, पिढ्यान्‌पिढ्या…" आणि थांबले.

"कुणाचा?"

"वही तो, काकासाहेब. नाव कुंकवाखाली आहे. दर दसऱ्याला एक थर, नव्वद-पंच्याण्णव थर तरी असतील."

"पुसून बघू?"

"बघा ना. कुंकू जाईल, मागोमाग शाई जाईल."

घरी येऊन त्यांनी बायकोला, आवडाबाईंना विचारलं, "एवढा मोठा कागद सोडून बरोबर तिथंच कुंकू का लावायचीस गं?"

"अहो, सासूबाई तिथंच लावायच्या. म्हणायच्या, तिथं मूळपुरुषाचं नाव आहे."

दुसऱ्या दिवशी पारावर सनद सगळ्यांच्या हातांतून फिरली. काकासाहेबांना कुंकवाची हकीकत सांगावीच लागली.

"म्हणजे नाव माझ्या पणज्याचं बी असंल की," पुंजाराम म्हणाला.

"आमच्या का नसंल?" शेजारी बसलेल्या गोकुळनं विचारलं. चहा येईपर्यंत पहिल्या मानाचे सात वारस झाले होते. त्यांतल्या एकाचं घराणं वैजापूरहून येऊन जेमतेम पंधरा वर्षं झाली होती.

शेवटी सरपंच साळूबाईंनी हात वर केला. "बास झालं! ज्याचे बैल, त्याचा मान. मान पुंजारामाचा. ग्रामपंचायत नवीन सनद देईल. काकासाहेब, तुमची नोकरी कारकुनीत गेली. तुम्हीच लिहा."

काकासाहेबांचा चेहरा पडला. पण समोर कोरा कागद आला आणि हात आपोआप चालू लागला. वर जावक क्रमांक, खाली विषय, त्याखाली संदर्भ. पाठ हळूहळू ताठ झाली. आवाजात तीस वर्षांच्या नोकरीतला कोरडेपणा आला.

"संपूर्ण नाव?"

"अवो काकासाहेब, मी पुंजाराम! लहानपणापासून वळखता की मला."

"आधारकार्डाप्रमाणं सांगा. बैल स्वतःचे असल्याचा दाखला आणलाय?"

"नाय बा."

"दोन साक्षीदार?"

"हे काय, अख्खा गाव बसलाय!"

"अख्खा गाव चालत नाही. दोन लागतात." काकासाहेबांनी पेनाला टोपण लावलं. "दाखला, दोन साक्षीदार आणि बैलांचा अलीकडचा फोटो घेऊन उद्या साडेदहाला या. फोटोत दोन्ही बैलांचे कान दिसले पाहिजेत."

पुंजाराम खिशातला मोबाईल काढत उठला आणि गोठ्याकडं निघाला.